जुना दांडा, नवा डबा

वाचकहो, हे पान वाचायला घेताना हाताशी एक पेन्सिल असू द्या. लिहायला नव्हे. डाव्या हाताचा अंगठा आणि पहिले बोट यांच्या चिमटीत ती उभी धरा. चिमूट मात्र मधोमध नको, खालच्या टोकापासून दोन बोटे वर असावी. आता उजव्या हाताने पेन्सिलीचे वरचे टोक पुढे ढकला. खालचे टोक मागे आले, नव्हे काय? वरचे टोक चार बोटे सरकले, खालचे जेमतेम एक बोट सरकले. मोटारीत ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी जो गिअरचा दांडा असतो, तो याहून निराळा काही नाही. शाळेत तरफ शिकवताना मास्तर पहारीचे आणि धोंड्याचे उदाहरण देतात. इथे पहार म्हणजे दांडा, चिमूट म्हणजे टेकू, आणि धोंड्याच्या जागी गिअरच्या डब्यातली एक सळई आहे, इतकाच फरक.

ही पेन्सिल बाजूला ठेवू नका. ती पुन्हा लागणार आहे.

आता हा विषय निघाला कसा, ते सांगतो. अमरावतीहून नागपूरकडे निघाले, की मोझरी मागे पडल्यावर तिवसा लागते. तिथल्या एका शेतकरी कुटुंबात एक जीप आहे. वडिलांनी घेतलेली, उंच बॉनेटची. तिच्यात बसून घरातल्या दोन वराती निघाल्या, कापसाची बोंदरी गेली, आणि एका पावसाळ्यात रात्री अकराला बाळंतीण अमरावतीला पोहोचवली गेली. वडील गेले. गाडी गोठ्याशेजारी उभी राहिली. पुढे मुलाने ती पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवले. जुने पेट्रोल इंजिन आणि त्यामागचा तीन गतींचा डबा, दोन्ही कामातून गेले होते. तेव्हा त्याने मोडीत निघालेल्या एका पुढच्या काळातल्या जीपचे डिझेल इंजिन आणि चार गतींचा डबा एकत्रच उचलून आणले आणि बसवून घेतले. इंजिनाचा नवा क्रमांक नोंदपुस्तकात चढवून घेतला. हे सर्व रीतसर झाले. अडले ते एका दांड्यापाशी.

नव्या डब्याबरोबर आलेला दांडा सरळ, आखूड, डोक्यावर काळी प्लास्टिकची मूठ. मुलाला तो नको होता. वडिलांचा दांडा लांब, पिंडाला बारीक, वर येता येता किंचित वाकलेला. त्याची मूठ तळव्याने घासून इतकी गुळगुळीत झाली होती, की नदीतला गोटा वाटावा. "सर," तो मला म्हणाला, "गाडीतलं बाकी सारं बदललं. हात ठेवायची जागा तेवढी बाबाची राहू द्या."

ही मागणी मला वेडगळ वाटली नाही. जगभर जुन्या गाड्यांचे जे शौकीन आहेत, त्यांचे निम्मे हट्ट असेच असतात. एमजी नावाची इंग्रजी स्पोर्ट्‌स मोटार आहे. तिचे एमजीबी हे रूप १९६२ मध्ये निघाले. आरंभीच्या गाड्यांना डबा होता चार गतींचा, परंतु पहिल्या गतीला सिंक्रो नव्हता, म्हणजे गाडी चालू असताना पहिला गिअर टाकला की कर्रकन आवाज ठरलेला. १९६७ च्या अखेरीस चारही गतींना सिंक्रो असलेला डबा आला. पुढे कितीतरी मालकांनी सोय म्हणून नंतरचा डबा घेतला, आणि गाडीचा जुना चेहरामोहरा राहावा म्हणून दांडा मात्र आधीचा हवा असे म्हटले. मग तिकडचेही कारागीर व्हर्नियर घेऊन बसतात, जसे आम्ही तिवस्याला बसलो.

आपल्या जीपची वंशावळ थोडक्यात सांगायला हवी, कारण दांडे एकमेकांत का बसत नाहीत याचे उत्तर तिच्यातच आहे. जीप ही मुळात युद्धातली गाडी. १९४१ पासून अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी ती मिळून सहा लाखांहून अधिक बनवली. तिच्यातल्या डब्याचे नाव टी-८४, गती तीन. युद्ध संपल्यावर शेतीवाडीच्या कामासाठी नागरी जीप निघाली, तिला टी-९० हा डबा मिळाला. याही गती तीनच. गंमत अशी, की पहिल्या नागरी जीपांना गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर होता. थोड्याच काळात तो पुन्हा खाली, जमिनीवर आला. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. १९५३ मध्ये अमेरिकेत निघालेले सीजे-थ्री-बी हे उंच बॉनेटचे रूप पुढे आपल्याकडे दीर्घकाळ बनत राहिले. बॉनेट उंच का, तर आतले इंजिन उंच म्हणून. १९८० च्या दशकात एमएम-५४० ही जीप आली, डिझेल इंजिनाची आणि चार गतींची. वऱ्हाडच्या रस्त्यांवर आज ज्या जुन्या जीपा दिसतात, त्यांतल्या पुष्कळशा अशा दोन-तीन पिढ्यांच्या सामानाची मिसळ आहेत. गाडी एका काळची, इंजिन दुसऱ्या, डबा तिसऱ्या.

आता डब्याचे झाकण उघडून आत पाहू. वर एक उंच गळा असतो. त्या गळ्यात दांड्याचा गोळा बसतो. हा गोळा म्हणजे आपली चिमूट, टेकू. त्याच्यावर स्प्रिंग आणि टोपण. गोळ्याला एका अंगाला खाच, आणि गळ्यातली एक खिळी त्या खाचेत, म्हणजे दांडा चारी दिशांना हलेल पण भोवऱ्यासारखा गरगर फिरणार नाही. गोळ्याच्या खाली दांड्याचे जे टोक लोंबते, त्याला आपण जीभ म्हणू. ही जीभ सळयांवरच्या खाचांत उतरते. डबा तीन गतींचा असेल तर सळया सहसा दोन, चार गतींचा असेल तर दोन किंवा तीन. दांडा आडवा हलवला की जीभ या सळईच्या खाचेतून त्या सळईच्या खाचेत जाते. पुढे-मागे हलवला की ती सळई सरकते. सळईवर दोन बोटांचा फोर्क असतो, तो दंतचक्राची कडी ढकलतो, आणि गिअर पडतो.

या सळईला छोट्या खोबणी असतात आणि स्प्रिंगच्या जोरावर एक पोलादी गोळी त्यांत टपकन बसते. मिस्त्री हिला 'गोळी-स्प्रिंग' म्हणतात. गिअर नीट पडल्याची खूण तुमच्या तळव्याला जी कळते, तो हलका खटका, तो या गोळीचा. पुढचे सारे प्रकरण या खटक्याभोवती फिरणार आहे, म्हणून तो ध्यानात असू द्या.

माझ्याकडे येण्याच्या आधी त्या मुलाने रस्त्यावरच्या एका दुकानात तो दांडा बसवून घेतला होता. तिथल्या कारागिराने काय केले? जुना दांडा अख्खा घेतला. गोळा किंचित मोठा होता, तो ग्राइंडरवर घासून बसता केला. जीभ रुंद होती, तीही घासली. दांडा गळ्यात गेला, गिअर पडू लागले, मालक खूश. महिनाभर गाडी शेतात आणि बाजारात फिरली. मग घरची माणसे घेऊन तो चिखलदऱ्याला गेला.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना काही झाले नाही. उतरताना दुसरा गिअर टाकून, इंजिनाच्या आवळत्या जोरावर गाडी सोडली होती. हीच उतारावरची योग्य रीत. एका वळणाच्या तोंडाशी दांडा आपोआप हलला आणि मध्ये आला. गिअर सुटला. इंजिन मोकळे, गाडी मोकळी, आणि मागे लेकरे बसलेली. त्याने ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून मागच्या शाफ्टवर असतो, तो लागला तर एकदम लागतो. गाडी डोंगराच्या अंगाला घासून उभी राहिली. कोणाला लागले नाही. "पाय असे लटपटत होते सर," तो म्हणाला, "का खाली उतरता नाई आलं."

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी माझ्या दारात आणून उभी केली.

गिअर सुटला कशाने? पेन्सिल पुन्हा हातात घ्या. समजा, नव्या डब्याच्या मूळ दांड्यात गोळ्याच्या मध्यापासून मुठीपर्यंत ४०० मिलिमीटर आणि गोळ्यापासून जिभेच्या टोकापर्यंत ५० मिलिमीटर अंतर आहे. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरले आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही मोजावे. ४०० भागिले ५० म्हणजे ८. सळईला पूर्ण गिअर पडायला १० मिलिमीटर सरकायचे असेल, तर मूठ ८० मिलिमीटर हलली पाहिजे. आता जुन्या दांड्याची जीभ ४० मिलिमीटरच आहे असे धरा. गुणोत्तर झाले १०. मूठ तेवढीच, ८० मिलिमीटर हलली, तर सळई सरकेल ८ मिलिमीटर. दोन मिलिमीटर राहिले. हे दोन मिलिमीटर हाताला कळत नाहीत. पण आत दात अर्धेच गुंतलेले असतात आणि ती पोलादी गोळी खोबणीच्या कडेवरच बसलेली असते. सपाट रस्त्यावर चालून जाते. उतारावर जोर उलटा फिरतो, चाके इंजिनाला ओढू लागतात, आणि अर्धवट गुंतलेले दात एकमेकांना बाहेर ढकलतात.

तुम्ही म्हणाल, मूठ ८० च्या ऐवजी १०० मिलिमीटर ढकलावी, झाले. ढकलावी खरी, पण जागा आहे कुठे? पुढे डॅशबोर्ड, मागे सीट, खाली जमिनीच्या पत्र्याचे भोक. दांडा कशाला तरी अडतो आणि ड्रायव्हरला वाटते गिअर पडला. शिवाय आखूड जीभ खाचेत पुरती उतरत नाही, कडेवर लटकून काम करते. त्यात ती घासून बारीक केलेली. दोन सळयांच्या मध्ये सटकली, की दांडा हलतो पण गिअर ना पडतो ना निघतो. बाजाराच्या मधोमध जीप उभी, आणि मिस्त्री खाली झोपून झाकण उघडतो आहे, हे दृश्य तुम्ही पाहिले असेलच.

उलट, जीभ लांब झाली तर? मूठ कमी हलेल, हाताला जोर जास्त लागेल. त्याहून वाईट म्हणजे टोक खाचेच्या तळाशी टेकेल आणि गोळा आपल्या जागी बसणारच नाही, स्प्रिंगवर तरंगत राहील.

घासण्याविषयी एक शब्द. गोळा आणि जीभ यांच्या पृष्ठभागाला कठीणपणा दिलेला असतो. तो कठीण थर पातळ असतो. ग्राइंडरने तो उडवला की आतले मऊ पोलाद उघडे पडते, आणि काही महिन्यांत गोळ्याला चपटेपण येते. म्हणून गोळा आणि जीभ ही घासून बसवायची वस्तूच नव्हे. हे माझे मत पक्के आहे, आणि कोणी कितीही सफाईने घासून दाखवले तरी मी ते बदलणार नाही.

मग उपाय कोणता? उपाय साधा. दांड्याचे दोन भाग आहेत असे समजा. खालचा भाग डब्याचा, वरचा भाग माणसाचा. गोळा, खाच, जीभ हे सारे ज्या डब्यात काम करणार त्या डब्याचेच हवे. गोळ्याच्या वर मात्र पोलादाची कांबच आहे. ती वडिलांची असली काय, आजोबांची असली काय, डब्याला त्याचे सोयरसुतक नाही. तेव्हा नव्या दांड्याचा खालचा भाग आणि जुन्या दांड्याचा वरचा भाग जोडायचा.

माझ्या ओळखीचे एक मिस्त्री तिवस्यातच आहेत. त्यांना मी हे सांगितले, तर ते दांडा हातात खेळवत म्हणाले, "कापाले तं कापू सर. पण एकडाव कापला का मांगं येत नाई. पह्यले नमुना करू." आणि हेच शहाणपणाचे निघाले. सहा मिलिमीटरची साधी सळई घेऊन त्यांनी जुन्या दांड्याचा वाक तिच्यात उतरवला, ती नव्या बुडख्याला तात्पुरती बांधली, आणि आम्ही सीटवर बसून चारही जागा हाताने करून पाहिल्या. पहिल्यात बोटांची पेरे डॅशबोर्डला लागत होती. नमुना अर्धा इंच मागे वाकवला. चौथ्यात मूठ सीटच्या कडेला आली. मग थोडा आखूड केला. जीपला गिअरच्या दांड्याशेजारी पुढच्या चाकांचा आणि जड-हलक्या गतीचा असे आणखी दांडे असतात, त्यांना तो अडत नाही ना हेही पाहून घेतले. ही सगळी कसरत सळईवर झाली, म्हणून वडिलांच्या दांड्याला एकच काप बसला. युद्धातल्या जीपांचे स्टिअरिंग डावीकडे असे. तसल्या गाडीचा दांडा कोणाकडे असेल, तर त्याचा वाक कोणत्या बाजूला आहे हेही आधीच पाहावे.

काप कुठे घ्यायचा? गोळ्यापासून निदान चार बोटे वर. वेल्डिंगची आच गोळ्यापर्यंत पोहोचली की त्याचा कठीणपणा उतरतो. आम्ही गोळ्याला ओले फडके गुंडाळले आणि जोडापर्यंतचा भाग मोकळा ठेवला. दोन टोके नुसती समोरासमोर आणून वरून वेल्डिंगचा थर दिला, तर तो जोड बाहेरून धष्टपुष्ट दिसतो आणि आतून पोकळ राहतो. दांड्यावर रोज शेकडो वेळा जोर येतो, तोही वाकवणारा. असा जोड एके दिवशी हातात येतो. म्हणून लेथवर खालच्या भागाच्या माथ्याला एक खुंटी काढून घेतली, वरच्या भागाच्या बुडाला तेवढेच भोक पाडले, खुंटी भोकात घट्ट बसवली आणि कडेने दोन्ही टोके तिरकी छाटून ती खळगी वेल्डिंगने भरली. दिशा पक्की धरण्यासाठी आधी खडूची रेघ दोन्ही भागांवर ओढली होती. ती चुकली असती, तर वाक ड्रायव्हरकडे येण्याऐवजी शेजारच्याच्या गुडघ्यात गेला असता!

वेल्डिंग झाल्यावर पाणी ओतायची अनेकांना घाई असते. दांड्याचे पोलाद अगदी मऊ जातीचे नसते. एकदम थंड केले की जोडाजवळ ते काचेसारखे ठिसूळ होते. आम्ही जोडण्याआधी दोन्ही टोके थोडी शेकली आणि नंतर दांडा चुलीच्या कोरड्या राखेत पुरून ठेवला. संध्याकाळी पुरला, सकाळी काढला. मग कानशीने जोड साफ केला. रंग दिल्यावर तो कुठे आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

मुठीचे आटे जुने इंची आणि दांडा वरून जुनाच, त्यामुळे तिथे प्रश्न आला नाही. तुमच्या बाबतीत आला, तर मूठ जबरदस्तीने पिळू नका. मुठीला तडा जाईल.

दांडा बसवल्यावर परीक्षा कशी घ्यायची, ते नीट वाचा, कारण चिखलदऱ्याची गोष्ट इथेच टळते. इंजिन बंद. चारही चाके ओट्यांवर उचललेली, ओटे भक्कम. क्लच दाबून एकेक गिअर टाकायचा आणि खटका ऐकायचा. खटका आल्यानंतरही मूठ त्याच दिशेला थोडी पुढे जायला मोकळी असली पाहिजे. ती मोकळीक नसेल, तर समजावे, दांडा कुठेतरी अडतो आहे आणि खटका कसाबसा आला आहे. दुसऱ्याने त्याच वेळी मागचे चाक हाताने मागे-पुढे ओढावे. गिअर हलता कामा नये. मग जमिनीच्या पत्र्याचे भोक पाहा. प्रत्येक गिअरमध्ये दांडा आणि भोकाची कड यांच्यात चांगले बोटभर अंतर हवे. कारण गाडी उभी असताना डबा स्थिर दिसतो, पण तो रबरी गादीवर बसलेला आहे. डिझेल इंजिन जोर लावते तेव्हा इंजिन, डबा आणि दांडा मिळून डुलतात, पत्रा डुलत नाही. दांडा कडेला टेकला, की पत्राच गिअर काढून टाकतो. आम्ही पुढची कड कानशीने सारखी करून वर रबराची टोपी घातली.

एवढे झाल्यावर गाडी पुन्हा परतवाड्याच्या रस्त्याने वर नेली, या वेळी घरची माणसे न घेता, मी आणि तो दोघेच. उतरताना त्याच वळणावर त्याने दुसरा गिअर ठेवला आणि दांड्यावरून हात काढून घेतला. दांडा थरथरत होता, पण जागचा हलला नाही.

इथे हे भाषण संपायला हवे होते. संपले नाही, आणि त्यात दोष माझा आहे.

जुन्या जीपांच्या डॅशबोर्डवर धातूच्या पट्ट्या असतात. एका पट्टीवर गिअर कुठे कुठे पडतात याचा नकाशा कोरलेला असतो. मुलाने ती पट्टी पितांबरी लावून लखलखीत केली होती आणि जागच्या जागी ठेवली होती. ती मी पाहिली. छान आहे, असेही म्हणालो. तीन गतींच्या त्या नकाशात डावीकडे पुढे म्हणजे रिव्हर्स, डावीकडे मागे म्हणजे पहिला, उजवीकडे पुढे दुसरा आणि उजवीकडे मागे तिसरा. चार गतींच्या त्यांच्या नव्या डब्यात डावीकडे पुढे पहिला, डावीकडे मागे दुसरा, मग तिसरा, चौथा. रिव्हर्सची जागा डब्या-डब्यागणिक वेगळी, आणि या डब्यात ती आणखी पलीकडे, दांडा जोराने बाजूला रेटल्याशिवाय न सापडणारी. म्हणजे जुन्या डब्यात जिथे गाडी मागे जाते, नेमक्या त्याच जागी नव्या डब्यात ती पुढे जाते.

त्या घरात एक काकाजी आहेत. वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांनी ती जीप तीस वर्षे चालवली. गाडी दुरुस्त होऊन आल्यावर ती पुन्हा चालवायचा मान कोणाचा? अंगणात सगळे जमले. समोर कडब्याची गंजी, मागे मोकळे फाटक. काकाजी बसले. वडिलांचाच दांडा, वडिलांचीच मूठ, समोर तीच लखलखीत पट्टी. गाडी मागे घ्यायची म्हणून त्यांनी हात डावीकडे पुढे नेला, क्लच सोडला, आणि मान वळवून मागे पाहू लागले. जीप पुढे गेली. मागे पाहत असल्याने त्यांना ते उमजायला क्षण लागला, आणि घाबरून पाय पडला तो ॲक्सिलरेटरवर. गंजी अर्धी अंगावर घेऊन जीप थांबली. गंजीआड दोन मिनिटांपूर्वीच पोरे लपाछपी खेळत होती. ती तेव्हा विहिरीकडे गेली होती, म्हणून हे मी इतक्या शांतपणे लिहितो आहे.

काकाजींच्या डोक्यावर, खांद्यावर कडबा. ते उतरले आणि म्हणाले, "गाडी मांगं घेतली होती बाप्पा म्या. समोर कायले गेली थे?"

त्यांचे काहीच चुकले नव्हते. हाताला तीस वर्षांची सवय होती, दांड्याने ती ओळखली आणि पट्टीने साक्ष दिली. मूळचा सरळ प्लास्टिकच्या मुठीचा दांडा असता, तर हाताला परकेपणा जाणवला असता आणि त्यांनी विचारले असते, की रिव्हर्स कुठे आहे. आम्ही नव्या डब्यावर जुना दांडा इतका बेमालूम बसवला, की डबा बदलला आहे हे सांगणारी गाडीत एकही खूण उरली नाही. जोड दिसू नये म्हणून मी जो आटापिटा केला, त्यातच हा धोका होता. मापे घेतली, राखेत पुरले, घाट उतरलो, पण दुसरा माणूस ही गाडी चालवील हे माझ्या ध्यानात आले नाही.

त्याच दिवशी ती पट्टी काढली. ती आता घरात, वडिलांच्या तसबिरीखाली लावलेली आहे. तिच्या जागी पितळेची दुसरी पट्टी आली. अमरावतीच्या एका कोरीवकाम करणाऱ्याकडून तिच्यावर नवा नकाशा कोरून घेतला, आकडे मोठे, आणि रिव्हर्सच्या जागी लाल रंगात मराठीत 'मागे'. मुठीवर काही कोरायला मुलाचे मन होईना. मग मिस्त्रींनी मुठीच्या खाली दांड्यावर लाल सुताची चार बोटे रुंद पट्टी गुंडाळून वर लाखेचा हात दिला. तळवा मुठीवर टेकला की करंगळीला ते सूत लागते. गुळगुळीत पोलादाच्या सवयीच्या हाताला ते खरखरीत लागते आणि क्षणभर थांबवते. युक्ती त्यांची, माझी नव्हे. शिवाय रिव्हर्सकडे जायला लागणारी आडवी स्प्रिंग थकलेली होती, ती बदलून कडक घातली. तुमच्याकडे असा बदल करायचा असेल, तर ही स्प्रिंग दांडा बसवतानाच पाहून घ्या, नंतर झाकण पुन्हा उघडावे लागते.

शंभरेक किलोमीटर चालल्यावर गळ्यावरच्या टोपणाचे बोल्ट एकदा आवळावेत. नवे रबर दबते आणि बोल्ट सैल पडतात. तेव्हाच जोडावर बोट फिरवून केसाएवढी चीर दिसते का हे पाहावे. रंग तडकला असेल तर तो खरवडून पाहावा. आम्ही पाहिले, काही नव्हते.

काकाजी अजून ती गाडी चालवतात. बसल्यावर आधी सुताला करंगळी लावतात, मग पितळेच्या पट्टीकडे पाहतात, आणि मागे घ्यायची असली की अंगणातल्या पोरांना मोठ्याने हाक देतात, "बाजूले व्हा रे, गाडी मांगं येऊन रायली!" पोरे पुढूनही बाजूला होतात आणि मागूनही.